सासू–सासवा : एका नामाचे मूळ व रूपविचार

मराठी व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांत वचनविचाराच्या प्रकरणी एक लहानसा नियम हटकून आढळतो. काही ऊकारान्त स्त्रीलिंगी नामांचे अनेकवचन वाकारान्त होते, असा तो नियम होय. उदाहरणे ठरलेली आहेत : सासू–सासवा, जाऊ–जावा, ऊ–उवा, जळू–जळवा, पिसू–पिसवा. (या यादीत सासू आणि जळू शेजारी बसतात, याला व्याकरणाचा इलाज नाही.) नियमाच्या पाठोपाठ अपवाद येतात : वधू, वस्तू, बाजू, धेनू ही नामे अनेकवचनात बदलत नाहीत. विद्यार्थी नियम पाठ करतो, अपवादही पाठ करतो; परंतु सासूच्या अनेकवचनात 'व' कोठून आला आणि वधूच्या अनेकवचनात तो का आला नाही, हा प्रश्न तसाच राहतो. संस्कृतात तर श्वश्रू आणि वधू ही दोन्ही नामे एकाच प्रकारे चालतात. म्हणजे हा भेद संस्कृतातून आलेला नाही. तो मराठीच्या स्वतःच्या घडणीतून निर्माण झालेला आहे.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंतच्या परंपरेत नामाच्या विकाराचे नियम प्रामुख्याने अंत्य स्वर आणि लिंग यांच्या आधारे मांडले गेले. वर्णनाच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे. मात्र तिच्यामुळे एक समज दृढ झाला. प्रथमेचे एकवचन हे शब्दाचे खरे रूप आणि बाकीची रूपे म्हणजे त्याला झालेला विकार, असा तो समज. व्युत्पत्तिविचारातही हीच दृष्टी शिरली. संस्कृत प्रथमेपासून मराठी प्रथमेपर्यंत एक रेषा ओढली की शब्दाचे मूळ सांगून झाले, असे मानले जाते. 'सासू' या शब्दाच्या बाबतीत ही रेषा पुरी पडत नाही, आणि ती कोठे तुटते हे अनेकवचनच दाखवून देते.

रूढ व्युत्पत्ती अशी : संस्कृत श्वश्रू, प्राकृत सस्सू किंवा सासू, मराठी सासू. ध्वनिपरिवर्तनाच्या पायऱ्या सरळ आहेत. आरंभीच्या 'श्व' मधील व-कार लोपला व तालव्य श चा दन्त्य स झाला. मधल्या 'श्र' चे समीकरण होऊन 'स्स' झाला. पुढे जोडव्यंजन एकेरी होताना त्याच्या आधीचा अ दीर्घ झाला. सप्त–सत्त–सात, हस्त–हत्थ–हात या परिचित मालिकांत हेच घडते. इथवर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. अडचण आहे ती शेवटच्या ऊकाराची.

मराठीत शब्दाच्या अखेरचा जुना स्वर टिकत नाही. जिह्वा–जीभ, माला–माळ, रात्रि–रात, भित्ति–भिंत, भगिनी–बहीण, विद्युत्–विज्जु–वीज ही उदाहरणे पाहावीत. यांत ह्रस्व स्वर आहेत तसे दीर्घही आहेत. आ, इ, ई, उ हे सारेच लुप्त झालेले आहेत. ज्ञानेश्वरीच्या काळी, म्हणजे शके १२१२ च्या सुमारास, 'देवु'सारख्या रूपांत अंत्य उ अजून लिहिला जात होता. पुढे तोही गेला. या नियमाप्रमाणे प्राकृत सासू या शब्दाचे मराठीत 'सास' व्हावयास हवे होते. हिंदीत नेमके तेच झाले आहे. पंजाबीतही 'सस्स' असे स्वरहीन रूप आहे. मराठीने मात्र ऊ राखला, गुजरातीतही 'सासु' असा उकार उरला. तेव्हा 'श्वश्रू पासून सासू' हे विधान अर्थदृष्ट्या बरोबर असले तरी रूपदृष्ट्या अपुरे ठरते.

ज्या मराठी नामांच्या अखेरीस तद्भव असूनही दीर्घ स्वर उभा आहे, त्यांची कुळकथा बहुधा एकच असते. मूळ शब्दाला स्वार्थे 'क' प्रत्यय लागलेला असतो. घोटक–घोडअ–घोडा, घोटिका–घोडिआ–घोडी, वालुका–वालुआ–वाळू. स्वरांमध्ये सापडलेला क प्राकृतात लोपला, दोन स्वर एकत्र आले आणि त्यांच्या संकोचातून जो दीर्घ स्वर झाला तो अंत्यलोपातून बचावला. झिजला तो दुसरा स्वर. पहिला सुरक्षित राहिला. घोडी आणि बहीण या दोन शब्दांतील भेदाचे मर्म येथेच आहे. भगिनीला ढाल नव्हती म्हणून तिचा ईकार गेला, घोटिकेला होती म्हणून राहिला.

आता मघाच्या यादीकडे पुन्हा पाहावे. 'ऊ' हा शब्द यूका पासून आणि 'जळू' हा जलूका पासून आला आहे. दोन्ही संस्कृत शब्द कोशांत नोंदलेले आहेत आणि दोन्हींत 'ऊका' हा शेवट प्रत्यक्ष दिसतो. यूका–ऊआ–ऊ, अनेकवचनी ऊआओ–उवा. येथे दोन स्वरांच्या मध्ये उच्चाराच्या सोयीसाठी व-श्रुती उत्पन्न झाली आणि तीच आज अनेकवचनात दिसते. प्राकृतातील -आओ हा अनेकवचनी शेवट संकोचून -आ झाला. मालाओ–माळा, सुण्हाओ–सुना यांतही तोच आहे. म्हणजे 'उवा' मधील व हा प्रत्यय नव्हे, आगमही नव्हे. तो ऊ आणि आ यांच्या सांध्यावरचा ध्वनी आहे.

सासू–सासवा ही जोडी उवा आणि जळवा यांच्या पंक्तीला बसते, हे उघड आहे. यावरून 'सासू'च्या मागेही *श्वश्रूका असे 'क'युक्त रूप मानावे लागते. प्राकृत अवस्थेत त्याचे *सासुआ होईल. एकवचनात *सासुआ चा संकोच होऊन सासू. अनेकवचनात *सासुआओ पासून *सासुवा आणि त्यापासून सासवा. मधला ह्रस्व उ दुर्बळ होऊन त्याचा अ होणे हे मराठीत नित्याचे आहे. माणूस–माणसा, लाकूड–लाकडा यांत ते घडतेच. या कुटुंबातील 'सासुरवास', 'सासुरवाशीण' या शब्दांत तो जुना उ अजूनही ऐकू येतो, 'सासर' व 'सासरा' यांत तो उरलेला नाही.

सामान्यरूपही याच वाटेने आले. स्त्रीलिंगी आकारान्त नामाचे प्राकृतातील एकारान्त विभक्तिरूप मराठीत -ए होऊन उरले : माळ–माळे, जीभ–जिभे. तेव्हा *सासुआ चे सामान्यरूप सासुवे, सासवे असे अपेक्षित आहे. प्रमाण मराठीत आज 'सासूला', 'सासूचा' हीच रूपे चालतात. म्हणजे एकवचनाचे रूप सामान्यरूपावर पसरले आहे. 'जाऊ' या शब्दाने मात्र जुनी चाल सोडलेली नाही. 'जावेला', 'जावेशी' हे आजही सहज बोलले जाते. जाऊ म्हणजे संस्कृत यातृ. प्राकृतात तिचे 'जाउया' असे रूप आहे. नात्याच्या शब्दांतील ऋ चा उ झाला (भ्रातृ–भाऊ, मातृ–माउली यांप्रमाणे) आणि पुढे 'आ' हा शेवट आल्याने सासूची रूपसरणी जावेलाही लागू झाली.

येथे एक आक्षेप संभवतो. *श्वश्रूका असे रूप खरोखर होते असे कशावरून? उवा, जळवा यांच्या सादृश्याने बोलणाऱ्यांनी सासवा हे रूप मागाहून घडवले असेल. हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. रूपविचारात सादृश्याचा वाटा मोठा असतो. परंतु सादृश्य फार तर अनेकवचनाचा उलगडा करील. एकवचनातील ऊ का टिकला, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. एक तारांकित रूप मानल्याने एकवचनातील ऊ, अनेकवचनातील वा आणि जावेच्या साक्षीने येणारे एकारान्त सामान्यरूप या तीनही गोष्टी एकदम सुटतात. तारांकित रूपाची किंमत अशी ठरवावयाची असते. वधू, वस्तू, धेनू हे अपवादही मग अपवाद राहत नाहीत; ते तत्सम शब्द आहेत, बाजू फारसीतून आला आहे, आणि यांपैकी कोणालाही ऊआ या अवस्थेतून जावे लागलेले नाही.

पदव्युत्तर वर्गात तारांकित रूपांविषयी काहीसा अविश्वास असतो. जे कोठेही लिहिलेले नाही ते खरे कसे, असा प्रश्न विचारला जातो. ऑगस्ट श्लायखर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुनर्रचित रूपांपुढे तारा लावण्याची पद्धत रूढ केली. राल्फ टर्नर यांच्या १९६२ ते १९६६ या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय आर्यभाषांच्या तौलनिक कोशात संस्कृत वाङ्मयात न सापडणारी पण आधुनिक भाषांना जन्म देणारी असंख्य तारांकित रूपे मुख्य नोंदी म्हणून दिलेली आहेत. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० साली निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. तेव्हापासून ही पद्धत मराठी अभ्यासकाच्या हाताशी आहे. तरीही आपल्याकडे संस्कृताचा लिखित ठेवा इतका मोठा आहे की पुनर्रचनेवाचून भागेल असे वाटत राहते. ज्या भाषाकुलाला असा ठेवा लाभला नाही, तेथे हे काम कसे चालते हे पाहणे म्हणूनच उपयुक्त ठरते. स्लाविक कुलातील सासूवाचक शब्द या दृष्टीने बोलका आहे.

रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन इत्यादी भाषांची जननी असलेली प्राक्-स्लाविक भाषा कोणीही लिहून ठेवली नाही. सिरिल व मेथोडियस हे बंधू इ. स. ८६३ मध्ये मोराव्हियाकडे धर्मप्रसारासाठी निघाले, त्या कार्यातून स्लाविक लेखनाची परंपरा सुरू झाली. पण ती भाषा प्राचीन चर्च-स्लाविक होय. प्राक्-स्लाविक तिच्याही मागची. तिचा प्रत्येक शब्द तारांकित आहे. नवऱ्याची आई या अर्थाच्या शब्दाची कन्याभाषांतील रूपे अशी : रशियन 'स्वेक्रोव्य', सर्बियन 'स्वेक्र्वा', बल्गेरियन 'स्वेकर्वा', जुन्या पोलिशमध्ये 'श्व्येक्रा'. कोठे व आहे, कोठे नाही. कोठे शेवटी आ आहे, कोठे व्यंजन. मूळ कोणते मानावे? प्राचीन चर्च-स्लाविकात प्रथमा 'स्वेक्री' आणि षष्ठी 'स्वेक्रुवे' अशी रूपे मिळतात आणि कोडे सुटते. (येथे ई ने दाखवलेला स्वर खरा ई नव्हे, तो जिभेच्या मध्यभागातून उच्चारला जाणारा, जुन्या दीर्घ ऊ पासून झालेला स्वर आहे. संस्कृत धूम याच्याशी सजातीय रशियन शब्द 'दिम' होय. त्यात हेच परिवर्तन झाले आहे. षष्ठीतील उ हा अतिह्रस्व आहे.) म्हणून प्राक्-स्लाविकात *स्वेक्री, षष्ठी *स्वेक्रुवे, द्वितीयेतही व-युक्त अंग, अशी रूपावली मानली जाते. मूळ अंग ऊकारान्त. पुढे व्यंजन नसेल तर ऊ, स्वर आला तर उव्.

संस्कृताच्या अभ्यासकाला हे नवीन वाटू नये. भ्रू–भ्रुवौ–भ्रुवः यात अगदी हेच आहे, आणि भिवईवाचक प्राक्-स्लाविक शब्दाची रूपावलीही *ब्री, षष्ठी *ब्रुवे अशीच आहे. तैत्तिरीय शाखेत तनू या नामाची 'तनुवम्' अशी रूपे लिहिली जातात, तीही याच जुन्या चालीची. अभिजात संस्कृतात श्वश्रू व वधू यांनी मात्र उव् ऐवजी निव्वळ व् स्वीकारला : श्वश्र्वः, वध्वः.

कन्याभाषांनी पुढे काय केले, हे अधिक उद्बोधक आहे. अशी रूपे असलेली नामे थोडी होती, त्यामुळे ती बहुसंख्यांच्या दबावाखाली आली. रशियनने द्वितीयेचे रूप उचलून तेच प्रथमा म्हणून बसवले. सर्बियनने व-युक्त अंगाला स्त्रीलिंगी आ लावून नाम आकारान्त केले. 'स्वेक्र्वा' हे त्याचे फळ. पोलिशने व टाकून आ जोडला. तिन्ही मार्ग वेगळे, हेतू एकच : चालवावयास अवघड असलेले नाम सोप्या वर्गात नेणे. आपल्याकडील *श्वश्रूका हे रूप नेमका तोच उपाय आहे. 'क' प्रत्ययाने नाम आकारान्त झाले व माळ, सून यांच्या मोठ्या वर्गात दाखल झाले. सर्बियनमधील अतिह्रस्व उ लोपून 'स्वेक्र्वा' झाले, तसा मराठीतील दुर्बळ उ जाऊन 'सासवा' झाले. जावेच्या बाबतीतही दोन्हीकडे सारखेच घडले. यातृ हे मुळात ऋकारान्त नाम, स्लाविकात सासूच्या सादृश्याने ते ऊकारान्त वर्गात ओढले गेले (*येंत्री, सर्बियन 'येत्र्वा'), तर मराठीत ध्वनिपरिवर्तनाने ते सासूच्या शेजारी येऊन बसले.

मात्र या साम्यावरून सासवा मधील व आणि स्वेक्र्वा मधील व एकच आहेत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. संस्कृत श्वश्र्वः मधील व हा जोडाक्षरात अडकलेला होता. प्राकृताच्या समीकरणात तो टिकणे शक्य नव्हते. प्राकृतात सासूओ, वहूओ अशी रूपे होतात, त्यांत व नाही. मराठीचा व हा त्यानंतर ऊ व आ एकत्र आल्यावर नव्याने उपजलेला आहे. स्लाविकमधील व वारशाने आलेला, मराठीतील पुनर्जन्म घेतलेला. अशा ठिकाणी केवळ दृश्य साम्यावर विसंबणाऱ्या तुलना किती फसव्या ठरतात, हे वेगळे सांगावयास नको.

याच संदर्भात दुसऱ्या एका गैरसमजाचाही विचार करावयास हवा. स्लाविक व संस्कृत शब्दांतील जवळीक दिसली की स्लाविक भाषा संस्कृतोद्भव आहेत, असे विधान व्याख्यानांतून व कधीकधी शोधनिबंधांतूनही केले जाते. सासूचा शब्दच त्याविरुद्ध साक्ष देतो. लॅटिन 'सोक्रुस्', ग्रीक 'हेकुरा' यांत क-वर्ग आहे, संस्कृतात श आहे. मूळ भारोपीय शब्दात तालव्य क होता. संस्कृतात त्याचा नियमाने श झाला. लिथुआनियन भाषेत सासऱ्याला 'शेशुरास' म्हणतात, तेथेही ऊष्मा आहे. स्लाविकात नियमाप्रमाणे स यावयास हवा होता, पण *स्वेक्री मध्ये क आहे. हा क भारोपीय भाषाशास्त्रातील एक जुना वादविषय आहे. वाद काहीही असो, संस्कृत श पासून स्लाविक क निघण्याचा मार्ग नाही. शिवाय संस्कृत श्वश्रू मधील आरंभीचा श हाही मूळचा नाही. अपेक्षित 'स्व' चा पुढील श च्या प्रभावाने 'श्व' झाला. स्लाविकने येथे स राखला आहे. म्हणजे एका बिंदूवर संस्कृत जुने आहे, तर दुसऱ्या बिंदूवर स्लाविक. दोघी बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत.

सासूचा विचार सुनेवाचून पुरा होत नाही. 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' या म्हणीत दोन्ही नामे षष्ठीत शेजारी उभी आहेत आणि त्यांच्या रूपांतील फरक कानाला जाणवतो. सासूने आपले जुने सामान्यरूप सोडले, सुनेने राखले. सून म्हणजे स्नुषा. प्राक्-स्लाविकात *स्नुखा (यातील ख घर्षक आहे), रशियन 'स्नोखा', सर्बियन 'स्नाहा'. उकारानंतरच्या स चा संस्कृतात ष झाला आणि स्लाविकात ख. परिवर्तनाची अट दोन्हीकडे एकच. लॅटिन 'नुरुस्' व ग्रीक 'नुओस्' यांच्या साक्षीने मूळ भारोपीय रूप *स्नुसोस् असे, म्हणजे वृक्षः, देवः यांसारखे पुल्लिंगी वळणाचे पण अर्थाने स्त्रीलिंगी असलेले, मानले जाते. संस्कृत आणि स्लाविक या दोघींनी ही विसंगती स्वतंत्रपणे मोडून काढली व नामाला आकारान्त स्त्रीलिंगी केले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील वृषाकपिसूक्तात 'सुस्नुषे' हे संबोधन येते, ते आकारान्त नामाचे आहे.

पालीत या शब्दाची सुणिसा, सुण्हा, हुसा अशी रूपे आहेत. हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या प्राकृत व्याकरणात सुण्हा व सुसा असे दोन पर्याय नोंदवले. मराठीने सुण्हा घेतले व अंत्य आ गमावून सून केले. हिंदीने हा शब्द टाकून वधूपासून आलेला 'बहू' स्वीकारला. पंजाबीत 'नूंह' च्या रूपाने तो जिवंत आहे. आकारान्त मूळ असल्यामुळे सून–सुने–सुना ही रूपे होतात. ईकारान्त मुळाच्या बहीण–बहिणी–बहिणी, भिंत–भिंती–भिंती यांहून ती वेगळी आहेत. आज दोन्ही नामे अकारान्त दिसतात, म्हणून पाठ्यपुस्तकाला दोन याद्या द्याव्या लागतात. हरवलेला अंत्य स्वर सामान्यरूपात जपून ठेवलेला आहे, एवढे सांगितले तर याद्यांची गरज बरीच कमी होईल. 'लेकी बोले सुने लागे' या म्हणीत तर ही दोन्ही सामान्यरूपे कोणत्याही शब्दयोगी अव्ययावाचून, शुद्ध विभक्तिरूपे म्हणून वापरलेली आहेत : लेकी म्हणजे लेकीला, सुने म्हणजे सुनेला. सामान्यरूप ही मुळात स्वतंत्र विभक्ती होती, याचा इतका सुटसुटीत पुरावा वर्गात दाखवण्यासाठी दुसरा सापडणे कठीण.

हा सारा विचार उदगीरसारख्या सीमावर्ती भागात विशेष अर्थपूर्ण ठरतो. उदगीर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. नंतर उस्मानाबाद आणि १९८२ पासून लातूर जिल्हा असा त्याचा प्रवास झाला. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चार भाषांचा शेजार येथे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. गावाच्या नावाचा संबंध उदयगिरीशी जोडला जातो आणि येथील एका महाविद्यालयाने आपल्या नावात तेच रूप धारण केले आहे. तो संबंध मान्य केल्यास 'गिरि'चा अंत्य इ लोपून 'गीर' होणे हेही वर सांगितलेल्या नियमाचेच उदाहरण ठरते.

येथील ग्रामीण बोलीत स्त्रीलिंगी सामान्यरूपातील ए चा उच्चार अ कडे झुकतो : शाळंला, वाटंनं, सुनंला. ईकारान्त मुळाची नामे मात्र बहिणीला, भिंतीला अशीच राहतात. महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याचे 'सुनंला' हे अशुद्ध म्हणून तांबड्या शाईने खोडले जाते. प्रमाण लेखनाची शिस्त आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु हा विद्यार्थी 'सुनीला' म्हणत नाही, हे खोडणाऱ्याच्या ध्यानात यावयास हवे. प्राकृतकाळापासूनचा आकारान्त व ईकारान्त हा भेद त्याच्या बोलण्यात पूर्णपणे शाबूत आहे. बदलला आहे तो केवळ एका स्वराचा उच्चार. बोलीला अनियमित म्हणण्यापूर्वी तिचा नियम शोधावा, एवढी अपेक्षा भाषेच्या अध्यापकाकडून करणे गैर नाही.

सीमेपलीकडील कन्नडात सुनेला 'सोसे' म्हणतात. हाही स्नुषेचाच तद्भव मानला जातो आणि हेमचंद्राने दिलेल्या दुसऱ्या पर्यायाशी, सुसा या रूपाशी, तो जुळतो. हेमचंद्राचे दोन पर्याय जणू सीमेच्या दोन बाजूंना वाटले गेले. सासूच्या बाबतीत देवघेव उलट दिशेने झालेली दिसते. कन्नडातील 'अत्ते' हा शब्द वडिलांची बहीण आणि सासू या दोन्ही नात्यांसाठी चालतो. मराठीतील 'आत्या' त्याच्याशी निगडित आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या सांध्यावरचा प्रदेश मानले आहे, आणि मामाच्या मुलीशी विवाहाला येथे असलेल्या पसंतीची नोंद केली आहे. अशा विवाहात वधूची सासू ही तिची सख्खी आत्याच असते. मग प्रत्यक्ष नाते तसे नसले तरी सुनेने सासूला 'आत्या' किंवा 'आत्याबाई' म्हणण्याची रीत पडते.

बर्टोल्ड डेलब्र्यूक यांनी १८८९ मध्ये भारोपीय नातेवाचक शब्दांचा जो अभ्यास मांडला, त्यात सासरच्या नात्यांची पुनर्रचित करता येणारी नावे मुख्यत्वे नवऱ्याकडच्या माणसांची आहेत असे दिसून आले. सासू, सासरा, दीर, जाऊ. स्लाविकातही *स्वेक्री हा शब्द फक्त नवऱ्याच्या आईसाठी, बायकोच्या आईसाठी रशियनमध्ये 'त्योश्चा' हा वेगळा शब्द आहे. दुसऱ्या घरातून आलेल्या मुलीने शिकलेला हा शब्दसंग्रह आहे. मराठीने तो बायकोच्या आईलाही लावला. आणि ज्या मुलीच्या तोंडी हा शब्द सर्वाधिक असावयास हवा, ती उदगीरच्या परिसरात सासूसमोर 'आत्या' म्हणते. आत्या हे नाम जवळजवळ अविकारी आहे : आत्याला, आत्याचा, अनेकवचनातही आत्याच. 'सासू' हा शब्द तिऱ्हाइतापाशी बोलताना, म्हणीत आणि जात्यावरच्या ओव्यांत उरतो; 'सासवा' हे रूप दोन-चार घरच्या सुना एकत्र बसल्या म्हणजे ऐकू येते.